तीन रांगांची प्रीमियम एसयूव्ही पारखताना नेमके काय पाहावे?

दुसरा गिअर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरात सहा माणसे आहेत: मी, पत्नी, आठ वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील. वर्षातून बऱ्याच वेळा धाकटी बहीणही सोबत असते आणि मग सध्याच्या पाच आसनी गाडीचे गणित कोलमडून दोन गाड्या काढाव्या लागतात. त्यामुळे तीन रांगांची, शक्यतो प्रीमियम वर्गातली एसयूव्ही घ्यावी असे ठरले आहे. यादीत वोल्वो एक्ससी९०, ऑडी क्यू७, बीएमडब्ल्यू एक्स७ आणि मर्सिडीज जीएलएस ही चार नावे आहेत. नवीच हवी असा हट्ट नाही. दोन-तीन वर्षे वापरलेली, चांगल्या अवस्थेतील गाडीही चालेल.

अडचण अशी की माहितीपत्रके वाचून चारही गाड्या सारख्याच वाटू लागतात. प्रत्येकीत सात जण ‘आरामात’ बसतात, प्रत्येकीची डिकी ‘प्रशस्त’ आहे आणि सुरक्षेच्या पाच ताऱ्यांचीही चर्चा असतेच. दोन शोरूममध्ये जाऊन आलो तेव्हा विक्रेत्यांनी बहुतेक वेळ पडदे, स्पीकर आणि आसनांच्या मसाजवर घालवला. आईने एका गाडीत मागच्या रांगेत बसून पाहिले आणि “बरं आहे” म्हणाली. पण उतरताना तिने एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा माझ्या खांद्याला लावला, पाय जमिनीला लागेपर्यंत तो सोडला नाही आणि मग काही वेळ नुसती उभी राहिली. ते पाहिल्यापासून मला माझ्या परीक्षणाच्या पद्धतीवरच शंका येऊ लागली आहे.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे: तिसरी रांग खरोखर वापरण्याजोगी आहे की नाही हे कसे ओळखावे, मधल्या रांगेत सलग बाक घ्यावा की दोन स्वतंत्र खुर्च्या, आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) हा मोठ्या गाडीत आवश्यक भाग आहे की नुसती चैन? इंजिनाची ताकद, वेग वगैरेंबद्दल मला फारसे कुतूहल नाही, कारण या वर्गातल्या कोणत्याही गाडीत ती आमच्या गरजेपेक्षा जास्तच असणार.

मागचा बाक

तुमच्या मातोश्रींनी दोन मिनिटांत जे परीक्षण केले ते बहुतेक परीक्षणकर्ते आठवडाभर गाडी चालवूनही करत नाहीत. मी सात वर्षे तीन रांगांची गाडी वापरतो आहे, घरात तीन मुले आहेत, आणि अनुभवाने सांगतो की ही गाडी मागून पुढे पारखावी लागते. आपण नेमके उलटे करतो: आधी चालकाच्या जागी बसतो, तिथे मन रमते, आणि मागची रांग ‘आहे ना, मग झाले’ अशी उरकतो.

शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची पुढची आसने बहुधा पुढे सरकवलेली असतात, त्यामुळे मागे बसणाऱ्याला जागा ऐसपैस वाटते. म्हणून आधी चालकाचे आसन आपल्या उंचीनुसार लावावे, मग मधल्या रांगेत घरातील सर्वात उंच माणसाला बसवून त्याच्या गुडघ्यांपुढे चार बोटे जागा सोडावी, मधले आसन तिथेच ठेवावे, आणि त्यानंतरच तिसऱ्या रांगेत जाऊन बसावे. जी जागा उरते तीच खरी. मधली रांग मागे-पुढे सरकणारी असते तिथे कंपन्या तिन्ही रांगांचे उत्तमोत्तम आकडे स्वतंत्रपणे छापतात, पण ते तिन्ही एकाच वेळी प्रत्यक्षात येत नाहीत.

तिसऱ्या रांगेत डोके छताला लागते का हे सगळे पाहतात; मांड्या आसनाला टेकतात का हे फार थोडे पाहतात. या जागेखाली मागचे सस्पेन्शन असते, पुढे इंधनाची टाकी असते, त्यामुळे पाय ठेवायची जमीन वर येते आणि आसन मात्र छताच्या भीतीने खालीच ठेवावे लागते. परिणामी माणूस उकिडवा बसल्यासारखा बसतो, गुडघे छातीकडे येतात आणि सगळा भार पार्श्वभागावर पडतो. दहा मिनिटे हे जाणवत नाही, तासाभराने कंबर बोलू लागते. म्हणून तिथे किमान वीस मिनिटे बसून राहा, मोबाईल न पाहता. वोल्वोने एक्ससी९०ची तिसरी रांग १७० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या व्यक्तींसाठी असल्याचे स्वतःच सांगितले आहे, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. इतर ठिकाणीही विक्रेत्याला हाच प्रश्न थेट विचारावा. एक्स७ आणि जीएलएस या दोघींचा व्हीलबेस अनुक्रमे ३१०५ आणि ३१३५ मिलिमीटर, तर एक्ससी९०चा २९८४. चाकांमधले हे वाढीव अंतर बरेचसे मागच्या रांगांच्याच कामी येते. अर्थात तेवढीच लांब गाडी मग रोज वळवायची आणि लावायची असते. जीएलएस ५.२ मीटर लांब आहे, हे घरासमोरच्या जागेवर टेप टाकून पाहिल्याशिवाय डोळ्यांना पटत नाही. क्यू७मध्ये मागची चाकेही वळवणारी यंत्रणा पर्याय म्हणून मिळत आली आहे. कमी वेगात ती मागची चाके पुढच्यांच्या विरुद्ध दिशेला पाच अंशांपर्यंत फिरवते, आणि अरुंद जागेत त्याचा फरक स्टिअरिंगच्या पहिल्याच वळणात कळतो. ती बसवलेली गाडी मिळाली तर चालवून पाहाच.

आता तुमच्या मुलीच्या आसनाबद्दल, कारण खरी गोची तिथेच होते. तीन वर्षांच्या मुलीचे आसन आयसोफिक्सने (गाडीतच बसवलेल्या हुकांना मुलाचे आसन अडकवण्याच्या सोयीने) मधल्या रांगेत घट्ट बसवले की ते मधले आसन दुमडून पुढे ढकलता येत नाही, आणि तिसऱ्या रांगेची वाट तिथूनच जाते. मग एक तर दुसऱ्या बाजूने शिरायचे किंवा दर वेळी लहान मुलाचे आसन काढायचे, आणि दुसरा मार्ग कोणीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त पाळत नाही. काही गाड्यांत, उदाहरणार्थ निसान पाथफाइंडर आणि इन्फिनिटी क्यूएक्स६०मध्ये, मुलाचे रिकामे आसन जागच्या जागी ठेवून मधले आसन कलवून पुढे सरकवण्याची सोय दिलेली आहे. तुमच्या यादीतील गाड्यांत ही सोय गृहीत धरू नका. मुलीचे आसन घरून सोबत न्या, बसवा, आणि मग बहिणीला मागे चढून दाखवायला सांगा.

बाक की स्वतंत्र खुर्च्या, याचे उत्तर यातूनच मिळते. स्वतंत्र खुर्च्यांमधून मागे जायला वाट असते, एका खुर्चीवर मुलाचे आसन कायम राहू शकते आणि आठ वर्षांचा मुलगा आसने न हलवता मागे पोहोचतो. पण तुम्ही कधी कधी सात जण असता, आणि दोन खुर्च्यांची गाडी सहसा सहा जणांचीच असते. सातवे माणूस वर्षातून किती दिवस येते ते दिनदर्शिकेत मोजा आणि मग ठरवा.

डिकीबद्दल एकच सांगतो. युरोपीय कंपन्या बहुधा जी पद्धत वापरतात तिच्यात २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून घनफळ मोजले जाते. तिन्ही रांगा उभ्या असताना जीएलएससाठी ३५५ लिटर आणि एक्स७साठी ३२६ लिटर असे आकडे छापलेले असतात. विमानात सोबत नेतात तशी ५५ × ४० × २० सेंटिमीटरची बॅग ४४ लिटरची होते, म्हणजे कागदावर ३२६ लिटरमध्ये सात बॅगा बसायला हव्यात. प्रत्यक्षात बसत नाहीत, कारण ती जागा उंच आणि रुंद असली तरी आसनाच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची खोली फार थोडी असते, शिवाय दाराची काच वर आतल्या बाजूला कललेली असते. ठोकळे कुठल्याही फटीत मावतात, बॅग मावत नाही. रिकाम्या बॅगा घेऊन शोरूममध्ये जायला लाज वाटते हे मान्य. मी पहिल्यांदा गेलो नाही, आणि पहिल्याच सहलीत दोन बॅगा मुलांच्या पायांखाली आल्या.

वजनकाटा

‘मागचा बाक’ यांच्याशी मी सहमत आहे, परंतु जागेइतकाच मोठा प्रश्न वजनाचा आहे आणि तो मोठ्या गाडीत कोणाच्या मनातही येत नाही. मी सस्पेन्शनच्या दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षे आहे. भरलेल्या गाड्या खाली बसून माझ्याकडे येतात आणि मालक सांगतात की गाडीत ‘फक्त माणसेच’ होती.

दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक लहान पाटी असते. युरोपीय पद्धतीच्या पाटीवर सहसा चार आकडे असतात: गाडीचे कमाल एकूण वजन, मागे ओढायच्या ट्रेलरसह कमाल वजन, पुढच्या एक्सलवरील (चाकांच्या जोडीवरील) मर्यादा आणि मागच्या एक्सलवरील मर्यादा. पहिल्या आकड्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की माणसे आणि सामानासाठी किती उरते ते कळते. युरोपीय व्याख्येत स्वतःच्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी धरलेली असते, इतर पद्धतींत चालक धरलेला नसतो. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आधी पाहावे.

समजा, चालकासह गाडीचे वजन २२५० किलो आणि कमाल वजन २९०० किलो आहे. हातात राहिले ६५० किलो. चालकाखेरीज सहा प्रौढ, सरासरी ७८ किलोचे, म्हणजे ४६८. छापील वजन बहुधा साध्या आवृत्तीचे असते, त्यामुळे काचेचे मोठे छत, मोठी चाके आणि विजेवर हलणारी आसने यांचे ६० किलो धरा. राहिले १२२. सात जणांच्या प्रत्येकी १८ किलोच्या बॅगा म्हणजे १२६ किलो. मर्यादा ओलांडली, आणि छतावर अजून काही ठेवलेलेही नाही. छताची मर्यादा वेगळी असते, बऱ्याच गाड्यांत ७५ ते १०० किलो, आणि तिच्यात वरचे दांडे आणि पेटी यांचेही वजन धरायचे असते. तुमच्या घरात दोन मुले असल्याने तुम्हाला थोडी मोकळीक आहे. पण मुले वाढतात आणि पाटीवरचे आकडे बदलत नाहीत.

याहून नाजूक बाब मागच्या एक्सलची. तिसऱ्या रांगेतली माणसे जवळजवळ मागच्या चाकांवरच बसतात आणि डिकीतले सामान चाकांच्याही मागे असते. तराजूच्या दांडीसारखे ते मागचा भार वाढवते आणि पुढच्या चाकांवरचा भार काही अंशी उचलते, त्यामुळे स्टिअरिंग हलके, पोकळ वाटू लागते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. एकूण वजन मर्यादेत असतानाही मागचा एक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. सात जणांना बसवून, सामान भरून एखाद्या वजनकाट्यावर गाडी आधी पूर्ण आणि मग केवळ मागची चाके चढवून पाहणे हा या शंकेवरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

टायरवरही हेच लिहिलेले असते. मापानंतर येणारा १०९ हा भारांक म्हणजे एका टायरची मर्यादा १०३० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो. वापरलेली गाडी घेताना आधीच्या मालकाने स्वस्तात कमी भारांकाचे टायर चढवलेले नाहीत ना हे पाहावे. चाक २१-२२ इंची असले की टायरची भिंत बुटकी होते, खड्ड्याचा धक्का रबराऐवजी रिमवर येतो आणि टायर महाग पडतो. शक्य असेल तर त्याच गाडीची १९ किंवा २० इंची चाकांची आवृत्ती घ्यावी, दिसायला ती थोडी साधी वाटली तरी. स्टेपनी आहे का तेही विचारा. तिसरी रांग आणि तिची यंत्रणा बसवताना बऱ्याच गाड्यांत स्टेपनीचीच जागा जाते, आणि हातात उरतात हवा भरायचा पंप आणि द्रावाची बाटली. टायरची भिंत फाटली तर त्या बाटलीचा काही उपयोग नसतो.

एअर सस्पेन्शन मला चैन वाटत नाही, पण त्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. भार वाढला की ते मागची बाजू उचलून गाडी सपाट करते; त्यामुळे हाताळणी आणि हेडलाइट दोन्ही ठिकाणावर राहतात आणि मागच्या रांगेला गचके कमी बसतात. परंतु पाटीवरची मर्यादा त्याने वाढत नाही. साध्या स्प्रिंगची गाडी मागे बसून निदान इशारा तरी देते, हवेची गाडी तोही देत नाही, आणि मालक बिनधास्त भरत राहतो.

वापरलेली गाडी पाहणार असाल तर आणखी एक. हवेच्या रबरी पिशव्या कालांतराने घड्यांवर तडकतात आणि अगदी बारीक गळती सुरू होते. गाडी चालू असताना कंप्रेसर ती भरून काढतो, म्हणून चालवून पाहताना काहीच कळत नाही. पण वारंवार चालून चालून पुढे कंप्रेसरच जळतो, आणि एका पिशवीच्या खर्चात दोन-तीन भागांचा खर्च येतो. गाडी संध्याकाळी सपाट जागी उभी करावी, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांना टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजावे. एकच कोपरा इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली आला असेल तर ती गळती आहे, मग विक्रेता काहीही सांगो.

चाचणी पुतळा

पाच ताऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तारे खोटे नसतात, पण ते कोणत्या आसनाचे आहेत हे विचारायचे असते. अपघात चाचण्यांत पुतळे प्रामुख्याने पुढे आणि मधल्या रांगेत बसवतात. युरो एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षा चाचण्या घेणारी युरोपीय संस्था २०१६पासून मधल्या रांगेत सहा आणि दहा वर्षांच्या मुलांच्या आकाराचे पुतळे ठेवते. अमेरिकेतील आयआयएचएस या संस्थेने २०२२मध्ये समोरून अंशतः होणाऱ्या धडकेच्या आपल्या जुन्या चाचणीत चालकाच्या मागेही एक पुतळा बसवायला सुरुवात केली, आणि पुढच्या आसनांसाठी चांगल्या ठरलेल्या कित्येक गाड्यांना त्या मागच्या प्रवाशामुळे कमी गुण मिळाले. तिसऱ्या रांगेत मात्र पुतळा नसतोच. म्हणजे त्या जागेबद्दल तारे जवळपास मौन बाळगतात आणि पाहणी आपल्यालाच करावी लागते.

छताच्या कडेने उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेच्या खिडकीपर्यंत पोहोचते का, तिथल्या पट्ट्यांना धडकेच्या क्षणी ओढून घट्ट करणारी यंत्रणा आहे का, पट्टा न लावल्यास त्या आसनासाठीही चालकाला इशारा मिळतो का, हे माहितीपुस्तिकेत मिळते. उरलेले डोळ्यांनी पाहावे: हेडरेस्ट वर ओढल्यावर डोक्याच्या मागे येते की मानेच्या, आणि डोके व मागची काच यांत किती अंतर उरते. कधी कधी हेडरेस्ट चालकाला मागचे दिसावे म्हणून पाडून ठेवलेले असतात आणि मागे बसणारा ते उचलायला विसरतो. आमच्या घरी हे तपासायचे काम मुलांकडेच दिले आहे, आणि ते त्यात आमच्यापेक्षा कडक आहेत.

आयसोफिक्सलाही वजनाची मर्यादा असते: युरोपीय नियमांत मूल आणि त्याचे आसन मिळून ३३ किलोपर्यंत. तुमची मुलगी त्यात आरामात बसते. मुलाला बूस्टर (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारे आसन) लागेल, आणि तो वयापेक्षा उंचीवर ठरवायचा असतो. युरोपातल्या देशांत ही सीमा कुठे १३५ तर कुठे १५० सेंटिमीटर आहे. एक्ससी९०च्या मधल्या रांगेतील मधल्या आसनात वर उचलता येणारा बूस्टर मिळतो, तो तुमच्या मुलाला नेमका उपयोगी पडेल. मात्र प्रत्येक आवृत्तीत तो असेलच असे धरू नका. तिसऱ्या रांगेत आयसोफिक्सचे हूक आहेत की नाहीत हेही आसनाच्या फटीत बोटे घालून पाहावे.

सरकते दार

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मातोश्रींना उतरताना खांद्याचा आधार लागतो ही तक्रार एसयूव्हीच्या रचनेतूनच आलेली आहे. गाडी उंच, उंबरठा उंच, मागची वाट चाकाच्या फुगवट्यावरून. एमपीव्ही (जास्त माणसे नेण्यासाठी बनवलेली, खोक्यासारखी कुटुंबाची गाडी) वर्गातील बऱ्याच गाड्यांत जमीन सपाट आणि खाली असते, दार सरकते, तिसरी रांग जमिनीतल्या खोल खड्ड्यात दुमडून जाते आणि तीच रांग उभी असताना तो खड्डा सामानाला मिळतो. सात माणसे आणि त्यांचे सामान एकाच वेळी न्यायचे असेल तर याहून चांगला आकार गाडीउद्योगाने अजून काढलेला नाही. खराब रस्त्यांवरून वारंवार जायचे असेल, चारही चाकांना ताकद हवी असेल किंवा ट्रेलर ओढायचा असेल तर एसयूव्ही घ्या. नाहीतर आपण उंचीची हौस पुरवतो आहोत हे मान्य करून घ्या. हौस करण्यात वाईट काहीच नाही.

हिरवी बत्ती

धागाकर्त्यांनी विचारले नाही, तरी प्लग-इन हायब्रिडचा (इंजिनासोबत बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असलेल्या गाडीचा) मोह होण्याआधी हे वाचावे. बॅटरी कुठे ठेवली आहे त्यावर तिसरी रांग राहते की जाते हे ठरते. क्यू७च्या प्लग-इन आवृत्तीत बॅटरी डिकीच्या जमिनीखाली असल्याने ती पाच आसनीच मिळते. एक्ससी९०मध्ये बॅटरी गाडीच्या मधल्या बोगद्यात (जमिनीच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यात) लांबट रचलेली आहे, म्हणून तिथे सातही आसने राहतात. पण बॅटरी गाडीचे स्वतःचे वजन वाढवते, त्यामुळे ‘वजनकाटा’ यांचे गणित त्या आवृत्तीच्या पाटीवरून नव्याने मांडावे लागेल. पूर्ण विजेच्या गाड्यांत, म्हणजे किया ईव्ही९ किंवा वोल्वो ईएक्स९० यांत, मधला बोगदा नसल्याने जमीन सपाट मिळते. मात्र खाली बॅटरी पसरलेली असल्याने पाय ठेवायची जागा वर येते आणि मांड्या उचलल्या जाण्याचा प्रश्न कधी कधी मधल्या रांगेतही जाणवतो.

दुसरा गिअर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी आम्ही सहा जण, बहीण, मुलीचे आसन, मुलाचा बूस्टर आणि चार रिकाम्या बॅगा असा लवाजमा घेऊन एकाच दिवशी दोन गाड्या पाहिल्या. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून ‘मागचा बाक’ यांची लाज समजली, पण दहा मिनिटांनी तोच बॅगा उचलून द्यायला आला.

सर्वात आधी कोसळला तो माझा आसनांचा आराखडा. मी आई-वडिलांना मधल्या रांगेत आणि दोन्ही मुलांना मागे धरले होते. परंतु मुलीचे आसन तिसऱ्या रांगेत बसवले की तिचा पट्टा लावायला पत्नीला दर वेळी आत शिरून वाकून उभे राहावे लागत होते, आणि दुसऱ्याच प्रयत्नाला तिचे डोके छतावर आपटले. अखेर मुलीचे आसन मधल्या रांगेत उतरायच्या बाजूच्या विरुद्ध कडेला, तिच्याशेजारी मधोमध वडील, मोकळ्या बाजूला आई, आणि मागे बहीण व मुलगा, अशी मांडणी जमली. यात मागे जाताना आईचे आसन दुमडावे लागते, म्हणून आधी मागचे दोघे बसतात, मग वडील आणि शेवटी आई. वडिलांना मधली जागा अरुंद वाटली आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. सात जणांचे दिवस मी मोजले: गेल्या वर्षभरात ते एकोणीस भरले. एकोणीस दिवस वडील मध्ये बसतील, उरलेले दिवस मुलगा मागे एकटा बसेल आणि ते आईशी जागा बदलून कडेला, असा तह झाला आहे. त्यामुळे स्वतंत्र खुर्च्यांचा विचार सोडला.

तिन्ही रांगा उभ्या असताना एका गाडीत चारपैकी दोन बॅगा आडव्या रचून बसल्या, तिसरी दाराच्या काचेला टेकत होती. दुसऱ्या, लांब गाडीत तीन बसल्या. पाटीवरून गणित मांडले तेव्हा आम्ही सात जण, दोन्ही मुलांची आसने आणि सामान मिळून पहिल्या गाडीत ९० किलो शिल्लक राहतात. दुसरीत त्याहून अधिक, पण तिच्या २२ इंची चाकांची किंमत ऐकून पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी पुढचा प्रश्न विचारला नाही. ‘सरकते दार’ यांचे म्हणणे आम्हा दोघांनाही पटले आहे, तरीही आमच्या नेहमीच्या प्रवासातला शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा आहे, म्हणून एसयूव्हीवरच ठाम आहोत. हौसही आहे, ते नाकारत नाही.

आता निर्णय पहिल्या प्रकारच्या एका तीन वर्षे वापरलेल्या गाडीवर येऊन थांबला आहे. तिला एअर सस्पेन्शन आहे, टायरचा भारांक मूळ मापाप्रमाणेच आहे, स्टेपनी नाही. आईच्या बाजूला चढउताराची पायरी बसवता येईल का ते विचारले आहे, कारण या वेळीही उतरताना तिने खांद्यावर हात ठेवलाच, फक्त लवकर काढला. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी माप घेऊ द्यायला मालक थोडे कुरकुरत तयार झाले आहेत. आज संध्याकाळी चारही कमानींची मापे लिहून आलो: पुढे दोन्हीकडे ४७.५, मागे डावीकडे ४८ आणि उजवीकडे ४८ सेंटिमीटर. उद्या सकाळी सात वाजता पुन्हा टेप लावून आकडे इथे टाकतो.